सीलबंद खोक्यात म्हातारे झालेले सेफ्टी शूज : एका वादाचे प्रकरण

रायगड जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्यात पावसाळ्यानंतर कामगारांना सेफ्टी शूज वाटले गेले. खोकी सीलबंद होती, आतला कागदही हललेला नव्हता. काही आठवड्यांतच चवड्याखाली सोल आडवे चिरू लागले. काहींच्या सोलचे कपचे निघाले, एकदोघांच्या मोज्याला जमिनीचे पाणी लागले. रसायनांच्या कारखान्यात सोलमधून पाणी आत येते, तेव्हा उद्या त्याच वाटेने काय येईल हे कोणालाही कळते.

मग तिघांचे तीन सूर लागले. पुरवठादाराने चाचणी अहवाल पुढे केला : 30,000 वेळा वाकवूनही सोल उत्तीर्ण. अर्थात बूट चांगले, वापरणाऱ्यांनी खराब केले. खरेदी विभागाला ते सोयीचे वाटले आणि कामगार ॲसिड सांडलेल्या जागी बेफिकीर फिरतात असा निष्कर्ष निघाला. पगारातून काही रक्कम वळती करण्याचीही भाषा झाली. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाचे कलम 114 त्याच्या आड येत होते : कायद्याने मालकाने द्यायच्या साधनांसाठी कामगाराकडून पैसे घेता येत नव्हते. कामगारांचे म्हणणे साधे होते. बूट मुळातच कुजका निघाला. सुरक्षा अधिकाऱ्याने वाद तिथेच थांबवला आणि बूट आमच्या प्रयोगशाळेत पाठवले.

त्याने नमुने नीट निवडले होते, त्यामुळे आमचे अर्धे काम सोपे झाले. वापरून चिरलेल्या जोड्या होत्या. त्याच लॉटमधल्या, पण स्टोअरमधून कधीच बाहेर न पडलेल्या जोड्या होत्या. आणि पुरवठादाराकडून मागवलेल्या, त्याच मॉडेलच्या अगदी ताज्या जोड्या होत्या. मधला गट नसता, तर निकाल ठामपणे देता आला नसता. वापरलेल्या बुटावर दहा कारणे लादता येतात. खोक्यात पडून राहिलेला बूट ॲसिडमध्ये कधी गेला, हे मात्र कोणी सांगू शकत नाही.

आधी अहवालाबद्दल. तो खोटा नव्हता. सेफ्टी शूजचे मानक आयएस 15298 भाग 2, म्हणजे आंतरराष्ट्रीय आयएसओ 20345 ची भारतीय आवृत्ती, सोलच्या लवचीकपणाबद्दल जे मागते तेच त्यात होते. या चाचणीत सोलला बारीक छिन्नीसारख्या सुईने आधीच एक छेद देतात आणि मग यंत्रावर तो सोल 15 मिमी त्रिज्येच्या गोल दांड्यावर 90 अंशांत पुन्हापुन्हा वाकवतात. 30,000 आवर्तनांपर्यंत तो छेद 4 मिमीपेक्षा जास्त वाढता कामा नये. यंत्राचा वेग मिनिटाला साधारण 140 आवर्तने, म्हणजे साडेतीन तासांत चाचणी संपते. छेदाशिवाय आपोआप पडणाऱ्या भेगांसाठी वेगळे नियम आहेत. अर्ध्या मिमीपर्यंतची वरवरची भेग धरत नाहीत. दीड मिमीपेक्षा खोल नसलेल्या, 4 मिमीपेक्षा लांब नसलेल्या आणि पाचपेक्षा जास्त नसलेल्या भेगा चालतात. टो-कॅपच्या, म्हणजे बोटांवरच्या पोलादी टोपीच्या, खालच्या भेगा मोजतच नाहीत.

आता 30,000 या आकड्याकडे पाहा. दिवसाला दहा हजार पावले चालणारा माणूस एका पायाने पाच हजार वेळा बूट वाकवतो. म्हणजे 30,000 आवर्तने ही त्याची सहा दिवसांची चाल झाली. चाचणीतले वाकणे चालण्यातल्यापेक्षा कठोर असते आणि छेदही मुद्दाम दिलेला असतो, म्हणून सहा दिवस ही थेट बरोबरी नाही. तरीही 30,000 म्हणजे बुटाचे आयुष्य, हा गैरसमज खरेदी विभागांत खोलवर रुजलेला आहे. त्याच बुटाच्या आत खिळा घुसू नये म्हणून बसवलेल्या पोलादी पत्र्याला हेच मानक दहा लाख आवर्तने वाकवून पाहायला सांगते. पत्रा मोडला तर तळपायात घुसेल, म्हणून तिथे निकष कडक आहे. सोलबाबत तो तेवढा कडक नाही, इतकेच.

आणखी एक सूट आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. चवड्याजवळ बिजागरी असलेल्या पट्टीवर बूट बसवून 30 न्यूटन बल लावायचे. बूट 45 अंशांपर्यंत वाकला नाही, तर तो ताठ समजतात आणि लवचीकपणाची चाचणी करायचीच नाही. फार ताठ बूट वाकतच नाही, तेव्हा वाकून फुटण्याचा प्रश्न येत नाही, असा त्यामागचा तर्क. म्हणून अहवालात ‘लागू नाही’ लिहिलेले दिसले, तर आधी विचारावे की ताठपणा मोजला होता का. आमच्या तिन्ही गटांतले बूट 45 अंशांच्या पलीकडे सहज वाकले, तेव्हा ही सूट इथे लागू नव्हती.

सोलची चाचणी सोलबद्दल सांगते. बूट चालतो तेव्हा अप्पर (बुटाचा वरचा भाग), इनसोल (आतला तळ), पोलादी पत्रा, टो-कॅपची मागची कड आणि सोल हे सगळे एकमेकांना ओढत-दाबत वाकतात. म्हणून अख्खा बूट वाकवणारे यंत्र लागते. आयएसओ 24266:2020 हे मानक अख्ख्या बुटाच्या वाकण्याच्या टिकाऊपणासाठीच आहे.

हे यंत्र दिसायला साधे असते. बुटाच्या आत कृत्रिम पाऊल घालतात. ते दोन तुकड्यांचे असते, टाच-घोट्याचा एक आणि चवडा-बोटांचा एक, मध्ये बिजागरी. पुढचा भाग पट्टीवर घट्ट धरलेला असतो. मागचा भाग विकेंद्री चाकाला जोडलेल्या दांड्याने वर-खाली होतो, म्हणजे टाच उचलली जाते आणि खाली येते, जशी आपण पुढच्या पावलासाठी उचलतो तशीच. दांड्याची चाल बदलली की कोन बदलतो. साधारण 45 ते 50 अंश ठेवतात. ठरलेला आकडा भरला की आवर्तने मोजणारा गणक यंत्राला थांबवतो. शेजारी-शेजारी अनेक जागा असतात, त्यामुळे डावा-उजवा एकाच वेळी चालवता येतो.

पण हा साधेपणा फसवा आहे, कारण निकाल बूट कसा बसवला त्यावर ठरतो. कृत्रिम पाऊल बुटाच्या मापाला लहान पडले, तर अप्परला ढिली घडी पडते आणि सोल भलत्या ठिकाणी वाकतो. मोठे झाले, तर सोल व अप्परच्या जोडावर असा ताण येतो जो माणसाच्या पायाने कधी येत नाही. लेस किती आवळली हेही मोजूनच ठेवावे लागते. आणि सगळ्यात महत्त्वाची असते वाकण्याची रेषा. पायाच्या बोटांची मुळे जिथे दुमडतात ती रेषा टाचेपासून मोजली तर लांबीच्या दोन-तृतीयांशाच्या थोडी पुढे येते आणि ती सरळ आडवी नसून करंगळीकडे तिरकी उतरते. यंत्राची बिजागरी या रेषेवर आली नाही, तर आपण दुसऱ्याच बुटाची चाचणी करत असतो.

या प्रकरणात ती रेषा शोधायला वापरलेल्या जोड्यांनी मदत केली. अप्परच्या चामड्यावर पडलेली कायमची घडी आणि सोलवरची भेग आम्ही एकाच कागदावर उतरवली. घडी मापाप्रमाणे असायला हवी त्यापेक्षा थोडी पुढे, टो-कॅपच्या मागच्या कडेला लागून होती. कारण सोपे आहे : चवड्याखालचा पत्रा वाकायला तयार नसतो आणि पोलादी टोपी तर वाकतच नाही. या दोन कडक भागांमधल्या अरुंद पट्टीवर सगळे वाकणे गोळा होते. सोल तिथेच फुटला होता. सोलच्या नक्षीतली एक खोल आडवी खाचही नेमकी त्याच पट्टीत होती. खाच जितकी खोल, तितके खाली उरलेले पीयू (पॉलियुरेथेन, ज्याचा सोल बनतो ते फुगवलेले प्लास्टिक) कमी आणि ताण एका जागी. ही रचना मला आजही चुकीची वाटते. साच्याचा नकाशा काढणारा आणि पत्रा-टोपीची निवड करणारा एकमेकांशी बोलले असते, तर ती खाच एक बोट मागे सरकली असती.

मात्र ताज्या जोड्यांमध्येही तीच खाच होती. म्हणून रचनेचा दोष मान्य करूनही त्याला मुख्य कारण म्हणता येईना.

सगळे बूट आधी 23 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के आर्द्रतेत 48 तास ठेवले. यंत्राचा कोन कोनमापकाने तपासला, गणक वेगळ्या मोजणीशी पडताळला. वेग मुद्दाम मर्यादित ठेवला. पीयू भराभर वाकवले की आतून तापते, तापलेले पीयू मऊ पडते आणि खोटा दिलासा देते. ठराविक टप्प्यांवर यंत्र थांबवून, बूट वाकलेल्या स्थितीत धरून भिंगाखाली पाहिले. सपाट सोलवर भेगा मिटून जातात आणि नजरेतून सुटतात, म्हणून वाकवूनच पाहायचे.

ताज्या जोड्या 30,000 पार गेल्या. पृष्ठभागावर बारीक रेघा आल्या, पण जोड शाबूत राहिला. पुरवठादाराच्या अहवालाशी हे जुळत होते. स्टोअरमध्ये पडून राहिलेल्या जोड्यांवर कोणताही छेद दिला नव्हता, तरीही पहिल्याच तपासणीत खाचेच्या तळाशी भेग दिसली. पुढच्या टप्प्यांवर ती रुंदावत आरपार गेली आणि बाहेरच्या कडेला सोल अप्परपासून सुटू लागला. भेगेत पाहिले तर आतले मऊ पीयू पिठूळ झाले होते. सोलवर नख दाबले की वण उठून राहायचा, ताज्या सोलवर तसे काही होत नव्हते. एकही पाऊल न चाललेल्या बुटाची ही अवस्था होती.

ॲसिडचा संशय इथेच गळून पडायला हवा होता, पण माणसांवर आरोप झाला होता, म्हणून आम्ही तो वेगळा तपासला. ॲसिड बाहेरून आत खाते. शिंतोडे पडलेल्या जागी रंग आणि पृष्ठभाग बदलतो, आणि सोलबरोबर अप्पर व शिवणही त्यातून वाचत नाही. या बुटांची शिवण नायलॉनच्या दोऱ्याची होती आणि तीव्र ॲसिडपुढे नायलॉन टिकत नाही. वापरलेल्या जोड्यांची शिवण मजबूत होती, चामड्यावर जळल्याच्या खुणा नव्हत्या. बिघाड सोलच्या पूर्ण जाडीत सारखा पसरलेला होता. अहवालात आम्ही स्पष्ट लिहिले की सोल फुटण्याचे कारण कामगारांचा वापर नाही. हे वाक्य मोघम ठेवावे अशी सूचना आली होती. आम्ही ते मोघम ठेवले नाही.

मग कारण काय? पीयू सोल दोन द्रवांच्या मिश्रणातून साच्यात फुगतो. धंद्यात त्या जोडीला ‘सिस्टम’ म्हणतात. त्यातला एक द्रव, पॉलिओल, पॉलिएस्टर जातीचा असेल, तर सोल घासायला आणि तेलाला चांगला टिकतो, म्हणून सेफ्टी शूजमध्ये तोच जास्त वापरतात. त्याची दुखरी बाजू म्हणजे पाणी. हवेतले बाष्प सोलमध्ये शिरते आणि एस्टरचे बंध, म्हणजे त्याच्या रेणूंमधले दुवे, एकेक करून तोडते. बंध तुटला की तिथे आम्ल तयार होते आणि ते पुढच्या तुटण्याला वेग देते. म्हणून सुरुवातीला काहीच दिसत नाही आणि नंतर बघताबघता सोल ढासळतो. उष्णता आणि दमटपणा जितका जास्त, तितके हे लवकर. कोकणातल्या पत्र्याच्या गोदामात दोन्ही भरपूर. पॉलिइथर जातीच्या पॉलिओलला हा त्रास फार कमी होतो.

हे सगळे उद्योगाला चांगले ठाऊक आहे, आणि मानकालाही. पीयू सोलसाठी त्यात वेगळे कलम आहे : नमुना 70 अंशांवर पाण्याच्या वाफेत सात दिवस ठेवायचा आणि मग वाकवायचा. 1,50,000 आवर्तनांपर्यंत छेद 6 मिमीपेक्षा जास्त वाढता कामा नये. पुरवठादाराने पाठवलेल्या अहवालात या चाचणीचे पान नव्हते. मागितल्यावर आले, पण त्यावर दुसऱ्या मॉडेलचे नाव होते आणि तारीख आपल्या लॉटच्या बरीच आधीची.

म्हणून ताज्या जोड्यांच्या सोलमधून नमुने कापून आम्ही ही चाचणी केली. 1,50,000 च्या बऱ्याच आधी छेदाने 6 मिमीची मर्यादा ओलांडली. त्याबरोबर मानकात नसलेला एक प्रयोगही केला : ताजा अख्खा बूट तशाच उष्ण वाफेत ठेवला, सुकवला आणि अख्ख्या बुटाच्या यंत्रावर चढवला. या प्रयोगाला मर्यादा आहे, कारण उष्ण वाफेतून निघालेले चामडे सुकताना कडक होते आणि वाकण्याचा ताण बदलतो. त्यामुळे अप्परबद्दल काहीही न बोलता आम्ही फक्त सोलकडे पाहिले. भेग त्याच खाचेत, त्याच तिरक्या रेषेवर पडली आणि आतले पीयू तसेच पिठूळ निघाले. कागदावर उतरवलेल्या वापरलेल्या बुटाच्या भेगेवर ही भेग ठेवली तर दोन्ही जवळपास एकावर एक येत होत्या. प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा मला हाच वाटतो. सोलच्या नमुन्याने पदार्थ दुबळा आहे हे सांगितले. अख्ख्या बुटाने दाखवले की तो दुबळेपणा पायाखाली नेमका कुठे फुटतो.

बैठकीत पुरवठादाराने गोदामाकडे बोट दाखवले. छप्पर गळके, खोकी थेट फरशीवर, हवा खेळती नाही. यात तथ्य होते. सोलवर उमटवलेल्या उत्पादनाच्या महिना-वर्षावरून असेही दिसले की जुना माल मागे पडून राहिला होता आणि मध्ये आलेला नवा माल आधी वाटला गेला होता. फटका बसलेले बूट दोन पावसाळे पाहिलेले होते. पण कोरड्या, थंड खोलीतच टिकतील असे सेफ्टी शूज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर विकता येत नाहीत. वाफेच्या चाचणीचे कलम दमट हवा गृहीत धरूनच आले आहे, आणि ताजा माल त्या कलमात नापास झाला होता. त्यात गोदामाचा काहीच संबंध नव्हता. गोदामाने बिघाड लवकर आणला. बिघाडाचे मूळ सिस्टममध्ये होते.

शेवटी पुरवठादाराने संपूर्ण लॉट बदलून दिला आणि नव्या लॉटसाठी वाफेला टिकणारी सिस्टम घेतली. तिचे नमुने 1,50,000 पार गेले. खाच मागे घ्यायला साचा बदलावा लागतो आणि साचा महाग असतो. ती तिथेच राहिली, फक्त उथळ केली गेली. कारखान्याने गोदामात लाकडी घोड्या टाकल्या आणि आधी आलेला माल आधी वाटायचा नियम लावला. कामगारांवरचा ठपका लेखी मागे घेतला गेला. माझ्या मते ते पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते.

खरेदीच्या अटींमध्ये झालेला बदल मात्र इतर कारखान्यांनीही उचलावा असा आहे. आता तिथे नुसता ‘फ्लेक्स पास’ (वाकवण्याच्या चाचणीत उत्तीर्ण) असलेला अहवाल चालत नाही. अहवालावर मॉडेल आणि लॉट दोन्ही जुळावे लागतात. 30,000 ची आणि वाफेनंतरची 1,50,000 ची अशी दोन्ही पाने लागतात. ‘लागू नाही’ असेल तिथे ताठपणाचे मोजमाप जोडावे लागते. माल पोचताना सोलवरचा महिना-वर्ष तपासतात आणि ठराविक काळापेक्षा जुना माल परत जातो. स्टोअरमध्ये वर्षभर राहिलेल्या लॉटमधली एक जोडी वाटपाआधी अख्ख्या बुटाच्या यंत्रावर जाते. सेफ्टी शूजवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, पण ते चिन्ह खोक्यातल्या बुटाचे वय सांगत नाही.

एक फट अजून उघडी आहे आणि ती या कारखान्याच्या पुढच्याच खरेदीत समोर आली. तापलेल्या जागांसाठी त्यांना रबरी सोलचे बूट हवे होते. अशा अनेक बुटांत बाहेर रबर आणि आत मऊ पीयूचा थर असतो. मानकातले वाफेचे कलम ज्यांचा बाहेरचा थर पीयूचा आहे अशा सोलसाठी आहे. आतला पीयू त्यातून सुटतो, जरी बाष्प त्याच्यापर्यंतही पोचत असले तरी. तिथे रबर शाबूत राहते आणि आतला थर पिठूळ होऊन सोल अख्खाच्या अख्खा सुटून येतो. आम्ही सुरक्षा अधिकाऱ्याला सुचवले की या बुटांसाठीही वाफेत ठेवलेल्या अख्ख्या बुटाची चाचणी अटीत घालावी आणि तपासणीत रबरावरच्या भेगांआधी रबर आणि पीयूचा जोड पाहावा. निविदेत ती अट गेली आहे.